पंपाच्या खोलीवरचं झाड

मी झाडं तपासायचं काम करतो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग आपल्या बाल्कनीतल्या कढीपत्त्याला काय झालंय ते बघायला बोलावतात. कढीपत्त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. माझं काम मोठ्या झाडांचं. सोसायटीतलं, कंपनीच्या आवारातलं, रस्त्याकडेचं एखादं झाड आतून कुजत चाललंय का, ते पडेल का आणि पडलं तर कुणावर, एवढंच मी बघतो. त्यासाठी बुंध्याशी आणि खोडावर उगवणाऱ्या अळंब्या ओळखाव्या लागतात. झाड आतून कुजायला लागलं तरी वर पानं हिरवीगार असतात, फुलं येतात, पाखरं बसतात. बाहेरून कळायला अळंबीशिवाय दुसरं फारसं काही नसतं.

हे काम मी पन्नाशीनंतर सुरू केलं. त्याआधी पंचवीस-सव्वीस वर्षं भोसरीतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात तपासनीस होतो. ओतून थंड झालेला नग साखळीला टांगायचा, हातोडीने ठोका मारायचा आणि ऐकायचं. नग चांगला असला तर खणखणीत वाजतो, आत पोकळी किंवा भेग असली तर बद्द. पुढे त्या कामाला मशीन आलं आणि कंपनीने मला गोड बोलून, शाल-नारळ देऊन, वेळेआधी घरी पाठवलं. मला राग आला होता. अजूनही कधीकधी येतो. पण खरं सांगायचं तर त्यानंतरची वर्षंच माझी जास्त मजेत गेली.

झाडांकडे वळलो ते एका गुलमोहरामुळे. कारखान्याच्या फाटकाजवळचा तो गुलमोहर एका पावसाळी दुपारी, फारसा वारा नसताना, आडवा झाला. मोडलेलं खोड बघितलं तर आत लाकूड कुठलं, ओला भुसा. सुदैवाने खाली कुणी नव्हतं. आदल्या आठवड्यात मात्र मी होतो. बुंध्याशी बशीएवढी एक तपकिरी, व्हार्निश मारल्यासारखी चकचकीत अळंबी आली होती आणि तिच्यावर बूट टेकवून मी लेस बांधली होती. ती काय सांगत होती ते मला तेव्हा कळलं नव्हतं, याचीच मला चुटपुट लागली. मग पुस्तकं आणली, एका निवृत्त वनस्पतीशास्त्राच्या सरांच्या मागे दोन वर्षं पिशवी घेऊन हिंडलो, आणि हळूहळू लोक मला बोलवायला लागले.

आमच्या रहाटणीच्या घरात फ्रीजवर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या अळंब्या वाळत असतात. बायको शाळेत शिकवते. पाहुण्यांना ती सांगते, "कंपनी सुटल्यापासून यांना बुरशी लागलीय." पाहुणे हसतात. मीही हसतो, पण पुड्यांना हात लावू देत नाही.

सुरुवातीला माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती, ती सांगायला हवी. काळेवाडीत एका शाळेच्या कुंपणाशी कडुनिंब होता. त्याच्या खोडावर पांढुरक्या, मऊ केसाळ पंख्यांच्या ओळीच्या ओळी आल्या होत्या. मी नवा होतो, घाबरलो आणि काढा म्हणून लिहून दिलं. कापणाऱ्यांच्या करवतीची धार दोनदा गेली. बुंधा आतून ताजा लालसर आणि दगडासारखा घट्ट निघाला. उन्हाने सालीचा एक पट्टा वाळला होता, तेवढाच ती अळंबी खात होती. मुख्याध्यापिका बाई मुलांना तिथून वर्गात घेऊन गेल्या. तेव्हापासून "काढा" हा शब्द लिहिताना माझा हात अडतो.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीतून फोन आला. शेजारच्या सोसायटीत एक झाड दोन गाड्यांवर पडलं होतं आणि त्या दिवसापासून यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. यांच्याकडे मागच्या फाटकाशी एक रेन ट्री होता. पालिकेच्या कागदात त्याला पर्जन्यवृक्ष म्हणतात. सेक्रेटरी आयटीतला, चाळिशीचा, बोलायला नम्र.

"काका, एकदा बघा आणि ठेवायचं की काढायचं ते सांगा," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी मीटिंग आहे. काढायचं असेल तर तिथेच ठराव करून पालिकेकडे परवानगी मागतो."

शनिवारी सकाळी मी गेलो. झाड बघून मला आधी आनंदच झाला. मांडव घातल्यासारखं पसरलं होतं. एका बाजूला त्याच्याखाली चार गाड्या, मधून फिरायची पाऊलवाट, आणि रस्त्याच्या बाजूला पंपाची खोली, तिला लागून पत्र्याची आणखी एक. फाटकाशी सोसायटीचा माळी उभा होता. लातूरकडचा, पंचेचाळिशीचा, काटक. मी पिशवी खाली ठेवायच्या आत त्याने विचारलं, "काढतेत का ओ साहेब?"

"बघू द्या आधी," मी म्हणालो.

"मीच लावल्यालं हाय. पयल्याच पावसात. नर्सरीवाल्यानं फुकट दिलतं, वाकडं होतं मनून."

सोसायटी बांधून झाली त्या पावसाळ्यात तो कामाला लागला होता आणि त्याला चौदा वर्षं झाली होती. या आवारातली बाकीची झाडं बिल्डरने ट्रकमधून आणून रोवली होती. हे एकच त्याचं. मी खोडाभोवती फिरायला लागलो तसा तोही माझ्या मागे मागे फिरायला लागला. डॉक्टरच्या तोंडाकडे नातेवाईक बघतात तसा तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मला कामात कुणी तोंडाकडे बघितलेलं आवडत नाही.

पंधरा ऑगस्ट जवळ आला होता. आमच्याकडे सोसायट्यांमध्ये पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आधी झाडांना रंग देतात. खाली गेरू, वर चुन्याचा पांढरा पट्टा. का देतात ते कुणी विचारत नाही. झेंडावंदनाला आवार नीटनेटकं दिसावं एवढाच हेतू. या माळ्याचं काम फारच स्वच्छ. पट्टा असा सरळ की पट्टीने आखलाय म्हणावं. खोडावर अळंबी सोडाच, कोळ्याचं जाळंही नव्हतं.

मी लाकडी हातोडीने ठोकत निघालो. पार्किंगच्या बाजूने आवाज छान येत होता, भरीव. पाऊलवाटेच्या बाजूनेही. रस्त्याच्या बाजूला आलो आणि आवाज बसला. बद्द. पुन्हा ठोकलं, पुन्हा बद्द. गुडघे टेकून बघितलं तर गेरूच्या खाली, मुळाशी, अर्धगोल व्रण दिसले. एक नव्हे, बरेच, काही जुने आणि काही ताजे.

"इथं काय होतं?" मी विचारलं.

"काय न्हाई, साहेब."

"काय नाही कसं? काहीतरी खरवडून काढलंय इथनं."

तो म्हणाला, "घाण येती तितं. कुत्र्याच्या छत्रीगत. रंगाच्या आदी मी खुरप्यानं काढतो. दर साली."

माझं डोकंच फिरलं. दर वर्षी! झाड ओरडून सांगत होतं आणि हा बाबा दर वर्षी त्याचं तोंड पुसून वर गेरू फासत होता. मी त्याला फैलावर घेतलं. तुम्हीवरून तूवर आलो. तुला अक्कल आहे का, इतकी वर्षं सगळा पुरावा कचऱ्यात टाकलास, आता मी कशावरून सांगू हे किती कुजलंय, उद्या काढायची पाळी आली तर तुझ्यामुळे येईल, असं सगळं. पुरावा हा शब्द मी खरोखर वापरला, पोलिसासारखा. तो खाली मान घालून उभा राहिला. खुरपं हातातच होतं.

तेवढ्यात पत्र्याच्या खोलीतून त्याची बायको बाहेर आली. हातात स्टीलच्या ताटलीत दोन कप चहा. तिने सगळं ऐकलं होतं.

"त्यास्नी कशाला बोलताव साहेब," ती म्हणाली. "फेकून न्हाई दिलं काई. समदं ठिवलंय की मी."

"काय ठेवलंय?"

"ते छत्र्या. या की आत, बगा."

मी आत गेलो. भिंतीवर, एका ओळीत, खिळे ठोकून लावलेल्या नऊ-दहा अळंब्या. तपकिरी, चकचकीत, अर्धचंद्रासारख्या, वाळून लाकडागत कडक झालेल्या. एकीवर देवाची तसबीर आणि उदबत्तीचं घर. एकीवर साबण. एकीवर कंगवा आणि पावडरचा डबा. सगळ्यात मोठी ताटलीएवढी होती, तिच्यावर मोबाइल चार्जिंगला लावला होता. मी असल्या अळंब्या पुस्तकांत, जंगलात, पालिकेच्या ट्रकमध्ये बघितल्या होत्या. फळीच्या जागी ठोकलेल्या कधीच नव्हत्या.

"कुजत न्हाई, वास न्हाई," ती म्हणाली. "पानी पडलं तरी काई हुत न्हाई. मनलं वाया कशाला घालायचं?"

मला हसूही यायला लागलं आणि मघाच्या बोलण्याची लाजही वाटली. मी खाटेवर बसलो, चहा घेतला आणि माळ्याला हाक मारली. या वेळी तुम्ही म्हणालो. "या इकडे. यातली कुठली कुठली कधीची, आठवतंय का?"

त्याला सगळं आठवत होतं. साबणाची पहिली, सहा सालामागं, त्या बारक्या मुळीच्या बेचक्यातली. तसबिरीखालची, गावाकडे आजीपाशी राहणाऱ्या मुलीच्या दहावीच्या वर्षीची, त्या पहिल्या अळंबीच्या शेजारी उगवलेली. मोबाइलची मागच्या वर्षीची, सगळ्यात खालची, मातीला टेकलेली. मी खडू मागितला. जमिनीवर खोडाचं वर्तुळ काढलं, रस्ता कुठे, पार्किंग कुठे ते लिहिलं, आणि तो सांगेल तशा अळंब्या भिंतीवरून काढून त्या वर्तुळाभोवती मांडत गेलो. त्याची बायको देवाची तसबीर हातात धरून बघत उभी होती. मांडून झाल्यावर आम्ही तिघंही वाकलो. सगळ्या एकाच बाजूला. रस्त्याच्या. बाकी तीन बाजूंना एकही नाही, सहा वर्षांत एकदाही नाही.

"त्या बाजूला कधी खणलं होतं का?" मी विचारलं.

"व्हय की. ग्यासची पायपं टाकली तवा. जाड जाड मुळ्या तोडल्या वो. मी लई बोंबललो, पर कोन ऐकतंय?"

तिथेच गोष्ट उलगडली. मुळ्या तुटल्या, जखमेतून बुरशी शिरली, आणि ती त्या बाजूने वर चढत होती. बाकीचं खोड झाडाने अजून तिच्या हाती लागू दिलं नव्हतं. दुपारी मी लांब, बारीक ड्रिलने चार ठिकाणी तपासून खात्री करून घेतली. रस्त्याच्या बाजूला चार बोटं आत गेल्यावर ड्रिल लोण्यात गेल्यासारखं सुटलं आणि भुसा ओलसर, तपकिरी आला. बाकी तिन्हीकडे मला खांद्याने रेटावं लागलं आणि पांढरा, कोरडा भुसा पडला. ढोबळ मानाने पाऊण खोड शाबूत होतं. वरचा भार उतरवला, रस्त्याकडच्या फांद्या टोकाकडून आखूड केल्या, दर वर्षी पावसाआधी तपासलं, तर हे झाड राहू शकत होतं. मी माळ्याला तसं सांगितलं. त्याने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं आणि खुरपं घेऊन उगाचच गवत काढायला बसला.

मी त्यांच्या खाटेवर बसूनच माझा कागद भरला. एका पानाचा नमुना आहे, मीच तयार केलेला, कारखान्यातल्या तपासणीच्या कागदावरून. झाडाची उंची, घेर, अळंबी कुठली, आवाज कसा. मग एक चौकट: झाड पडलं तर खाली काय. मी लिहिलं, पार्किंग, चार गाड्या. पाऊलवाट, सकाळ-संध्याकाळ वर्दळ. पंपाची खोली व शेजारची सामानाची खोली, माणसांचा वावर नाही. सोसायटीच्या नकाशात तसंच होतं. खाली सही केली. माळ्याच्या बायकोने तोवर चहाचा दुसरा कप आणून दिला होता, तो संपवला आणि घरी आलो. घरी बायकोला त्या भिंतीचं वर्णन करून सांगितलं. ती म्हणाली, "बघा, त्या बाईने निदान उपयोग तरी केला." त्या रात्री मला छान झोप लागली. माझ्या कामातलं याहून चांगलं काही मला आजवर जमलं नव्हतं असं वाटत होतं.

रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये मीटिंग भरली. पंचवीस-तीस माणसं असतील. माळी दाराशी उभा होता, त्याच्यामागे त्याची बायको, हातात झाडू. मी उभा राहून सगळं समजावलं. लोक ऐकत होते. माझ्या हातोडीच्या गोष्टीला दोघं-तिघं हसलेही. मग पुढच्या रांगेतून प्रश्न आला, "पण पडणार नाही याची गॅरंटी देता का?"

हा प्रश्न प्रत्येक मीटिंगमध्ये येतो आणि प्रत्येक वेळी मी चिडतो. "झाडाची गॅरंटी कुणीच देत नाही," मी म्हणालो. "देणारा खोटं बोलतोय समजा. मी फक्त सांगू शकतो की धोका किती आहे आणि कुणाला आहे. गाड्या हलवा, पाऊलवाट पलीकडून न्या. मग ते पडलं तरी पत्रे फुटतील, पंप फुटेल. माणूस जाणार नाही."

सेक्रेटरीने माझा कागद घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचायला सुरुवात केली. उंची, घेर, अळंबी. "पंपाची खोली व शेजारची सामानाची खोली," तो वाचत होता, "माणसांचा वावर नाही."

"आमी ऱ्हातो की तितं."

दारातून आवाज आला. सगळ्यांनी मागे वळून बघितलं. माळ्याची बायको झाडू तसाच धरून एक पाऊल आत आली होती. तिला रागबिग आलेला नव्हता. कुणी पत्ता चुकीचा सांगितला की आपण दुरुस्त करतो तसं ती म्हणाली, "चौदा वर्सं झाली. तुमी च्या पिलाव की साहेब, आमच्या खाटंवर बसून."

माझे कान तापले. मी तिथे दोन कप चहा प्यालो होतो. मी तिची गॅसची शेगडी बघितली होती, दोरीवरची साडी, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली अंथरुणं. तिच्या देवाची तसबीर तिच्या हातात देऊन मी तिची भिंत उतरवली होती. दहा अळंब्या मला दिसल्या, त्यांच्या कडा, त्यांचा रंग, कुठली कुठल्या साली आली, सगळं दिसलं. आणि तिथे दोन माणसं राहतात हे माझ्या कागदावर आलं नाही, कारण नकाशात सामानाची खोली लिहिलेलं होतं. कारखान्यात असा नग मी पास केला असता तर मला दुसऱ्या दिवशी फाटकातून आत घेतलं नसतं.

सेक्रेटरी म्हणाला, "ऑफिशियली ती रूम..." आणि थांबला. सगळे जण कुठे ना कुठे बघत होते, दाराकडे मात्र कुणी बघत नव्हतं. त्या सगळ्यांच्या बाल्कन्यांतून ती दोरीवरची साडी रोज दिसत असणार.

माळी तिला दंडाला धरून मागे ओढत होता. "गप की गं," तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे बघून हात जोडले. "साहेब, तिचं काई मनावर घिऊ नका. आमाला काई हुत न्हाई. आमी तितंच निजतो, आमची काई तक्रार न्हाई. झाड तेवढं ऱ्हाऊ द्या."

"तुमी निजा," ती म्हणाली. "मी न्हाई."

दोघं-चौघं हसले. मला हसू आलं नाही. रस्त्याची बाजू, बद्द आवाज, चार बोटांवर सुटलेलं ड्रिल. झाड पडलंच तर नेमकं त्या पत्र्यावर पडणार होतं, आणि हा माणूस मला सांगत होता की तो त्याच्याखाली खुशीने निजेल. मी सेक्रेटरीच्या हातून कागद घेतला, त्या ओळीवर काट मारली आणि माझी सही खोडली.

"हा कागद चुकलाय," मी म्हणालो. "चूक माझी आहे. खाली माणसं झोपत असतील तर माझं मत वेगळं आहे. मग झाड काढा. आजच अर्ज करा."

माळ्याचे जोडलेले हात तसेच राहिले. काळेवाडीच्या कडुनिंबानंतर "काढा" म्हणायची माझी ही पहिलीच वेळ होती, आणि ते या माणसासमोर म्हणावं लागलं याचं मला फार वाईट वाटलं. पण मी पुढे म्हणालो, "नाहीतर त्यांना दुसरी खोली द्या. आज. पावसाळा चालू आहे, उद्यावर टाकायची ही गोष्ट नाही. खोली दिली तर मी पुन्हा सही करतो."

मग जे व्हायचं ते झालं. एकाने नियम काढला, दुसऱ्याने जागा कुठे आहे विचारलं, तिसऱ्याने पुढच्या मीटिंगमध्ये ठरवू म्हटलं. मी खाली बसलो नाही. मला सहसा एवढं बोलता येत नाही, पण उभं राहता येतं. कारखान्यात आठ-आठ तास उभा राहिलोय. शेवटी सेक्रेटरीच उठला. "क्लबहाऊसच्या मागची खोली आहे," तो म्हणाला. "गणपतीचं सामान आणि ती बंद पडलेली ट्रेडमिल ठेवलीय तिथे. किल्ली माझ्याकडेच आहे." आणि मग थोडं हळू आवाजात, "खरं तर आपल्या सगळ्यांना माहीत होतं." हात वर झाले. मी नवा कागद काढून पुन्हा पहिल्यापासून भरला, आणि त्या चौकटीत माणसांची संख्या आधी लिहिली.

पुढचं सगळं नीट झालं. परवानगी आली, महिनाअखेरीस दोरखंडवाले दोघं वर चढले आणि मी खालून ओरडत राहिलो की बुंध्याजवळून नको, टोकाकडून घ्या. ते झाड आजही उभं आहे. मी दर वर्षी मे महिन्यात जाऊन ठोकून येतो. कुठल्या तरी वर्षी मला पुन्हा तो शब्द लिहावा लागेल, हे मला माहीत आहे आणि माळ्यालाही मी सांगून ठेवलंय. पण मला त्या झाडाचं नाव काढलं की आठवते ती मीटिंगनंतरची दुपार.

सामान हलवायला मी थांबलो. कुणी थांबा म्हटलं नव्हतं, पण घरी जाववत नव्हतं. सेक्रेटरी बाह्या सरसावून ट्रेडमिल ढकलत होता. मी शेगडी उचलली, माळ्याने खाट. सामान ते किती, तीन-चार खेपांत संपलं. नवी खोली सिमेंटची, कोरडी, आणि तिला एक खिडकी होती. तिच्यावर आतून मखराचे थर्माकोल लावून ठेवले होते. माळ्याच्या बायकोने ते ओढून काढले, पदराने काच पुसली, आणि पुसता पुसता तिचा हात थांबला.

मी तिच्या मागून बघितलं. लॉनच्या पलीकडे ते झाड होतं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. चौदा वर्षं ती त्याच्याखाली राहिली होती. पत्र्यावर पडणाऱ्या शेंगा तिने ऐकल्या होत्या, दारातली पानं रोज झाडली होती. एवढ्या लांबून, बसल्या जागेवरून, बघायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

माळी खाट टेकवून घाम पुसत होता. तिने मागे न बघताच त्याला हाक मारली.

"ओ, इकडं या की. केवढं झाड लावलंय हो तुमी!"

तो आला, तिच्या शेजारी उभा राहिला आणि दोघं बघत राहिले. मी माझी पिशवी उचलली आणि सेक्रेटरीला खुणेनेच चला म्हटलं.